घरचा लॅपटॉप कसा पारखावा?

बैल घ्यायला बाजारात गेलो म्हणजे आपण काय करतो? रंग पाहून पैसे मोजत नाही. जबडा उघडून दात पाहतो. खूर पाहतो. चार पावलं चालवून पाहतो. विकणारा म्हणतो, "जनावर अगदी गरीब आहे हो." आपण ऐकून घेतो आणि तरीही पाठीवर थाप मारून पाहतो, लाथ मारते की नाही ते.

हाच हुशार माणूस लॅपटॉपच्या दुकानात गेला की गप्प होतो. समोरचा मुलगा भराभर इंग्रजी शब्द बोलतो. आपल्याला वाटतं, विचारलं तर अडाणी ठरू. मग आपण मान डोलावतो, आणि कापसाचे आलेले पैसे गल्ल्यात जातात.

तसं होऊ नये म्हणून हा पाठ लिहिला आहे. लॅपटॉपलाही दात असतात. ते कुठे पाहायचे, एवढंच शिकायचं आहे.

लॅप म्हणजे मांडी. टॉप म्हणजे वरची बाजू. मांडीवर घेऊन काम करता येतं तो संगणक म्हणजे लॅपटॉप. पूर्वी संगणकाला मोठं दालन लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असा एक संगणक आपल्याच देशातल्या लोकांनी बांधला. तो १९६० साली सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. पुढे १९८१ साली अमेरिकेत 'ऑस्बर्न' नावाचा उचलून नेण्याजोगा संगणक विकायला आला. त्याचं वजन होतं सुमारे ११ किलो! आज दीड-पावणेदोन किलोचा लॅपटॉप शाळकरी पोर दप्तरात घालून नेते.

आधी विचारा : पाहिजे कशाला?

आमचं मोझरी गाव अमरावती-नागपूर रस्त्यावर, तिवसा तालुक्यात. इथे किराणा आहे, कृषी केंद्रं आहेत, शिवणकाम करणाऱ्या बाया आहेत. पुण्यतिथी महोत्सवाच्या दिवसांत तर दुकानदाराला मान वर करायला सवड नसते. शाळेतून मोकळा झाल्यापासून माझ्याकडे अशी मंडळी येतात. "गुरुजी, पोट्टी म्हनते लॅपटॉप पायजे. किती पैसे जातीन?"

मी पैशाचं उत्तर आधी देत नाही. मी विचारतो, "काहून पाहिजे?"

कारण पुष्कळ कामं मोबाईलवरच होतात. सातबारा मोबाईलवर पाहता येतो. ई-पीक पाहणी तर मोबाईलवरूनच शेतात उभं राहून करायची असते. ती २०२१ साली सुरू झाली. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर नोंदणी 'कपास किसान' या मोबाईलच्या ॲपवर करावी लागली. पैसे पाठवणं, वीजबिल भरणं, डिजिलॉकरमध्ये कागद ठेवणं, हेही मोबाईलवर होतं. एवढ्यासाठीच लॅपटॉप घेत असाल तर घेऊ नका. पैसे बियाण्याला राहू द्या.

मग लॅपटॉप लागतो कधी? जिथे खूप लिहायचं असतं आणि मोठा तक्ता मांडायचा असतो, तिथे लागतो. दुकानाचा साठा, उधारीची खातेवही, छापील बिलं, जीएसटीचा परतावा ही कामं मोबाईलच्या चार बोटं पडद्यावर करताना डोळे फुटतात आणि चुकाही होतात. मुलगी महाविद्यालयात शिकत असेल, तिला प्रकल्प लिहायचा असेल, एमएससीआयटीचा सराव करायचा असेल, तर तिलाही लागतो. बोटांना टंकलेखनाची सवय घरी बसल्या होते, ती मोबाईलवर होत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी एका कागदावर लिहा, आपल्याला कोणकोणती कामं करायची आहेत. पाच ओळी पुरेत. हा कागद खिशात असला म्हणजे दुकानदार आपल्याला भलतीकडे नेऊ शकत नाही. तो म्हणेल, "यात गेम फार छान चालतात." तुम्ही कागद पाहा. त्यात गेम आहे का? नाही. मग त्याचे पैसे कशाला?

पाटी आणि वही

लॅपटॉपच्या पेटीवर दोन आकडे असतात. एक लहान, एक मोठा. दोघांच्याही पुढे 'जीबी' लिहिलेलं असतं. इथेच माणूस गोंधळतो. म्हणून शाळेतलं उदाहरण घेऊ.

मुलाजवळ पाटी असते आणि वही असते. पाटीवर तो गणित सोडवतो, पुसतो, दुसरं सोडवतो. वहीत तो जपून ठेवायचं ते लिहितो. लॅपटॉपातही तसंच आहे. 'रॅम' ही पाटी. यंत्र चालू असताना ते जे काम करतं ते या पाटीवर. यंत्र बंद झालं की पाटी कोरी. आणि साठवण ही वही. यंत्र बंद करा, चार महिने कपाटात ठेवा, वहीतलं लिहिलेलं तसंच राहतं.

पाटी लहान असेल तर काय होतं? गणित मोठं, पाटी एवढीशी. मुलगा अर्धं गणित पाटीवर करतो, अर्धं वहीत लिहितो, पुन्हा वही उघडतो, पुन्हा पाटी पुसतो. वेळ जातो. यंत्राचंही हेच होतं. ते मधेच थबकतं. वर एक गोल चकरी फिरत राहते. आपण म्हणतो, "लॅपटॉप अटकला." तो अटकलेला नसतो. त्याची पाटी भरलेली असते.

विंडोज ११ तयार करणारी कंपनी सांगते की पाटी कमीत कमी ४ जीबीची हवी. पण कमीत कमी म्हणजे जीव तगण्यापुरतं. अर्ध्या भाकरीवर माणूस जगतो, पण वखर हाकत नाही. आज घ्यायचं तर ८ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. घरकामाला आणि छोट्या दुकानाला ८ पुरते. आणखी एक प्रश्न जरूर विचारा : "पुढे रॅम वाढवता येते का?" काही यंत्रांत जागा मोकळी सोडलेली असते. काहींत रॅम पक्की डकवलेली असते, ती मग जन्मभर तेवढीच.

आता वही. वहीचे तीन प्रकार आहेत. जुनी 'हार्ड डिस्क'. तिच्यात चकती फिरते. जागा भरपूर, पण हळू, आणि धक्क्याला नाजूक. एसटीच्या खडखडाटात तिला जपावं लागतं. दुसरी 'एसएसडी'. तिच्यात फिरणारं काही नाही. ती झटकन चालते आणि धक्का सोसते. तिसरी 'ईएमएमसी'. फार स्वस्त लॅपटॉपात ही असते. ती मोबाईलसारखी पाटावर डकवलेली असते, बहुधा ६४ किंवा १२८ जीबीची, आणि एसएसडीपेक्षा हळू असते.

तुम्ही एसएसडीच मागा. २५६ जीबी पुरेल का? हिशेब करा. मोबाईलचा एक फोटो साधारण ५ एमबीचा धरा. असे २०० फोटो म्हणजे १ जीबी. १०० जीबी जागा मोकळी असली तर २० हजार फोटो मावतात. दुकानाची बिलं आणि चिठ्ठ्या तर किती जागा घेणार? वर्षाचीही जागा हाताच्या मुठीएवढी. तेव्हा २५६ ची एसएसडी ही १००० च्या जुन्या चकतीपेक्षा तुमच्या कामाची. विकणारा "साहेब, एक हजार जीबी आहे" असं सांगेल. मोठ्या आकड्याला भुलू नका. कोठी मोठी असून काय उपयोग, दार उघडायलाच अर्धा तास लागत असेल तर?

दात कुठे पाहावे

आता लॅपटॉपच्या मेंदूकडे येऊ. त्याला 'प्रोसेसर' म्हणतात. इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांचे प्रोसेसर आपल्याकडे जास्त दिसतात. इंटेलच्या यंत्रावर चिकटपट्टी असते : आय-३, आय-५, आय-७. एएमडीच्या यंत्रावर 'रायझन ३', 'रायझन ५' असं असतं. लोकांना वाटतं, ३ पेक्षा ५ चांगला, ५ पेक्षा ७ चांगला. हे निम्मं खरं आहे. उरलेली निम्मी गोष्ट पिढीची आहे, आणि नेमकी तीच दुकानात कोणी सांगत नाही.

आय-५ च्या पुढे एक आकडा असतो. उदाहरणार्थ ८२५०. त्यातला पहिला ८, म्हणजे आठवी पिढी. ४६०० असेल तर चौथी पिढी. आकडा १ ने सुरू झाला तर पहिले दोन आकडे धरा. ११३५ म्हणजे अकरावी. १२३५ म्हणजे बारावी. हेच लॅपटॉपचे दात. यावरून वय कळतं. चौथी पिढी २०१३ सालची. तिचं यंत्र म्हणजे जुळलेल्या दातांचा बैल. उभा राहतो छान, पण नांगराला धरून पाहा!

२०२४ पासून इंटेलने 'आय' अक्षर काढून नुसतं 'कोअर ३', 'कोअर ५' असं लिहायला सुरुवात केली. ते दिसलं तर घाबरू नका, ते नवं आहे.

आमच्याकडच्या एका ताईंची गोष्ट सांगतो. त्या शिवणकाम करतात. शाळेच्या गणवेशाची कामं त्यांना मिळू लागली. शाळा म्हणाली, छापील बिल द्या, मापांची यादी द्या. ताईंनी बचत गटातून वीस हजारांचं कर्ज उचललं. गटातल्या बाकीच्या नऊ जणींनी आपापलं मागणं मागे ठेवलं आणि यांना आधी पैसे दिले. तेव्हा हे पैसे नुसते ताईंचे नव्हते. यंत्र चार महिन्यांत बंद पडलं असतं तर हप्ता चुकला असता, आणि गटात मान खाली गेली असती. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही संगं चाला. मले तं त्यातलं काही समजत नाही."

आम्ही अमरावतीला गेलो. पहिल्याच दुकानात एक झकपक यंत्र दाखवलं. "आय सेव्हन आहे ताई. नवा घ्याल तर साठ हजार. तुम्हाला अठरा हजारात देतो. विंडोज अकरा टाकून दिलं आहे." ताईंचे डोळे चमकले. मी म्हटलं, "जरा चालू करा." मग 'सेटिंग्ज' उघडायला लावलं, त्यात 'सिस्टिम', आणि त्यात सगळ्यात खाली 'अबाउट'. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं आणि रॅमही असते. चिकटपट्टी बदलता येते. हे पान सहसा खरं बोलतं. पानावर होतं : आय-७, ४६००. रॅम ४ जीबी.

मी ताईंना म्हटलं, "पहिला आकडा वाचा." त्या म्हणाल्या, "चार." "मग कोणती पिढी?" "चौथी." त्या स्वतःच उठल्या. दुकानदार मागून बोलत राहिला.

इथे विंडोजची बाबही समजून घ्या. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे त्यातली भोकं नेहमीसारखी बुजवणं तिने थांबवलं. आणि विंडोज ११ साठी कंपनीला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा तिच्या पुढची लागते. त्याहून जुन्या यंत्रावर काही लोक आडवाटेने विंडोज ११ चढवतात. ते चालतं, पण कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. पुढची सुधारणा मिळेलच याची खात्री नाही. जुना लॅपटॉप स्वस्त झाला त्याचं एक कारण हेही आहे. मोठ्या कचेऱ्यांनी जुनी यंत्रं काढली, ती बाजारात आली.

वापरलेला लॅपटॉप वाईट असतो असं मात्र मी म्हणणार नाही. कचेरीत वापरलेलं यंत्र मजबूत बांध्याचं असतं. कळा चांगल्या, बिजागऱ्या चांगल्या. ताईंना दुसऱ्या दुकानात आठव्या पिढीचं आय-५, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, असं वापरलेलं यंत्र एकोणीस हजारांत मिळालं. सहा महिन्यांची लेखी हमी आणि बिल. उरलेल्या हजारातून बस्ता आणि माऊस.

वापरलेलं घेताना बॅटरी तपासा. ती आधी म्हातारी होते. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. दुकानातल्या मुलाला म्हणा, "बॅटरी रिपोर्ट दाखव." त्यात दोन आकडे पाहा. नवी असताना बॅटरी किती धरत होती आणि आता किती धरते. समजा पहिला आकडा ४२,००० आणि दुसरा २५,२००. म्हणजे शंभरातले साठ उरले. अशी बॅटरी वर्षभरात बदलावी लागेल असं धरा आणि तेवढे पैसे भावातून कमी करायला सांगा. मग सगळ्या कळा एकेक दाबून पाहा. पडदा पांढरा करून डाग शोधा. झाकण चार वेळा उघडा आणि मिटा. कॅमेरा आणि आवाज पाहा. चार्जर लावून पाच मिनिटं थांबा. यात वीस मिनिटं जातात. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

आणि अगदी नवं, अगदी स्वस्त? २०२३ साली जिओने १६,४९९ रुपयांना एक छोटं यंत्र आणलं होतं. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, साडेअकरा इंचांच्या आसपास पडदा. मुलाने धडे पाहायला, वाचायला ते ठीक. पण त्यात विंडोज नव्हतं. ज्याला दुकानात टॅली चालवायचं आहे त्याच्या ते उपयोगाचं नाही. 'क्रोमबुक'चंही तसंच आहे. किंमत बरी, काम सोपं, पण विंडोजवरच चालणारी हिशेबाची साधनं त्यावर बसत नाहीत. म्हणून आधी कामाचा कागद, मग यंत्र.

कृषी केंद्रवाल्याने मात्र नवंच घ्यावं असं माझं मत आहे. त्याचं दुकान यंत्रावर थांबतं. पेरणीच्या आठवड्यात दारात पन्नास माणसं उभी असताना लॅपटॉप उघडला नाही तर बिलं कशी फाडणार? नवा आय-३ किंवा रायझन ३, ८ जीबी, ५१२ ची एसएसडी आणि कंपनीची हमी, असं घ्यावं. आय-७ ची त्याला गरज नाही. युरियाची पोती मोजायला पहिलवान लागत नाही.

पडदा, कळा आणि आपली भाषा

पडदा १४ इंची की १५ इंची? बसून काम करणाऱ्याने मोठा घ्यावा. मुलगी रोज एसटीने अमरावतीला जात असेल तर तिला हलका, १४ इंची द्यावा. पडद्याचे ठिपके १९२० गुणिले १०८० असावेत. अक्षर रेखीव दिसतं. स्वस्तात १३६६ गुणिले ७६८ चे पडदे मिळतात, त्यात तक्त्याच्या ओळी कमी मावतात. चाळिशी लागलेल्या माणसाने हे स्वतः बसून पाहावं. मुलाच्या डोळ्यांनी पाहू नये.

मराठी लिहिण्यासाठी वेगळा लॅपटॉप लागत नाही. विंडोजमध्ये मराठी असतेच, ती चालू करावी लागते. 'इन्स्क्रिप्ट' ही पद्धत भारत सरकारने मान्य केलेली आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. आठ-पंधरा दिवस रोज अर्धा तास बसलं तर हात वळतो. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी ध्वनीप्रमाणे लिहिण्याची पद्धतही विंडोजमध्ये आहे. काय वाटेल ते करा, पण 'युनिकोड'मध्ये लिहा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला अर्ज दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की 'क'च्या जागी भलतंच चिन्ह येतं. युनिकोडमधला 'क' सगळीकडे 'क'च राहतो.

विंडोज आणि ऑफिस यांचे पैसे वेगळे आहेत का, हे बिल होण्याआधी विचारा. काही लॅपटॉप विंडोजशिवाय विकतात. ते दोन-चार हजारांनी स्वस्त दिसतात. ऑफिसही कधी कायमचं असतं, कधी वर्षाच्या वर्गणीचं. वर्गणी संपली की नवं लिहिणं थांबतं. ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याने 'लिब्रेऑफिस' घ्यावं. ते फुकट आहे आणि चोरीचं नाही. पत्र, तक्ता, हिशेब सगळं होतं. सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्सची भारतीय प्रणाली केली आहे, तीही फुकट आहे. जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसत नसेल तर लिनक्स बसवून घरची मुलं शिकू शकतात. फक्त टॅलीसारखी साधनं त्यावर थेट चालत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

"सगळं फुकट टाकून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. कुलूप तोडून चढवलेल्या विंडोजमध्ये चोराला चोरदरवाजा सापडतो. त्याच यंत्रावर तुम्ही बँकेचं खातं उघडणार आहात.

वऱ्हाडचा उन्हाळा

आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर चढतो. टिनाखालच्या दुकानात तर विचारूच नका. लॅपटॉप स्वतःही तापतो. त्याच्या खाली आणि बाजूला हवेची भोकं असतात. गोधडीवर, गादीवर ठेवला की ती बुजतात. नाव मांडीचं असलं तरी त्याला लाकडी पाटावर ठेवा. जिनिंगजवळ किंवा पिठाच्या गिरणीजवळ दुकान असेल तर कापसाचे तंतू आणि पीठ पंख्यात बसतात. वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून आतून साफ करून घ्या. स्वतः फुंकर मारू नका, थुंकी जाते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर यंत्र कधीच ठेवू नका.

विजेचा मात्र फायदा आहे. वीज गेली तर टेबलावरचा संगणक तिथल्या तिथे विझतो, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो. आणि वीज खातोही कमी. ४० वॉटचं यंत्र रोज ५ तास चालवलं तर २०० वॉट-तास झाले. पाच दिवसांत १ युनिट. महिन्यात २५ दिवस चालवलं तर ५ युनिटं.

इंटरनेट मोबाईलवरून देणार असाल तर एक युक्ती. विंडोजच्या सुधारणा कधी कधी काही जीबींच्या असतात. दिवसाचा दीड जीबी त्या एकट्याच गिळतात आणि मुलगा म्हणतो, "नेट संपलं." जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' असा पर्याय असतो. तो चालू ठेवा. पण सुधारणा कायमच्या थांबवू नका. जिथे वायफाय आहे तिथे महिन्यातून एकदा होऊ द्या.

पैशाची गोष्ट

भाव मी पक्के लिहीत नाही. ते हलतात. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जगभर चढले, त्याबरोबर लॅपटॉपचेही हलले. म्हणून दोन दुकानं आणि एक ऑनलाइन भाव, असे तीन भाव एकाच दिवशी लिहून घ्या. तेच मॉडेल, तीच रॅम, तीच एसएसडी असली तरच तुलना करा. एका अक्षराच्या फरकाने यंत्र वेगळं निघतं.

नव्या लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा यंत्र ३५,४०० रुपयांना पडलं. त्यात ३०,००० किंमत आणि ५,४०० कर. दुकानदार म्हणतो, "बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो." नको म्हणा. बिल नाही तर हमी कशाच्या जोरावर मागणार? शिवाय तुमचं दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल आणि यंत्र धंद्यासाठी असेल, तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घाला. ते ५,४०० तुमच्या भरायच्या करातून वजा होऊ शकतात. मात्र ज्यांनी 'कंपोझिशन' योजना घेतली आहे त्यांना ही वजावट मिळत नाही. बरेच किराणेवाले त्या योजनेत असतात. आपल्या कर सल्लागाराला आधी विचारा.

हप्त्याचं बोलू. "शून्य टक्के व्याज" असा फलक दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज कुठेतरी लपलेलं असतं. ते कसं शोधायचं? विचारा, "रोख दिले तर किती?" तो म्हणाला ३३,०००. हप्त्याने ३,००० प्रमाणे १२ हप्ते, म्हणजे ३६,०००. वरचे ३,००० हेच व्याज. शिवाय 'फाईल चार्ज' वेगळा. हे सगळं जाणून हप्ता घ्यायला हरकत नाही. न जाणता घेऊ नये. आपल्याकडे पैसा दिवाळीच्या पुढे-मागे येतो, कापूस आणि सोयाबीन विकल्यावर. हप्ता मात्र दर महिन्याला येतो, भर आषाढातसुद्धा.

चार्जर बदलायची वेळ आली तर रस्त्यावरचा दोनशेचा घेऊ नका. लॅपटॉपच्या चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण असते आणि तिच्यासोबत 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये तो क्रमांक घालून खरा-खोटा पाहता येतो.

यंत्र घरी आणल्यावर पहिले आठ दिवस ते रोज वापरा. कपाटात पूजेसारखं ठेवू नका. दोष असला तर तो याच दिवसांत दिसलेला बरा, कारण बदलून मिळण्याची मुदत थोडी असते. बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण छापील बिलाची शाई वर्षात उडते. यंत्राच्या खाली छापलेला क्रमांक बिलावर आहे का, ते जुळवा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि वहीची दुसरी प्रत काढा. दर शनिवारी दुकान मिटताना हिशेबाची फाईल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्या. ताई आता तसंच करतात. त्यांची मापांची यादी दोन ठिकाणी असते, आणि बचत गटाचे चौदा हप्ते फिटले आहेत. चार बाकी आहेत.